जॅक्सन हाइट्समधले आमचे जुने को-ऑप घर विकायला काढले आहे : ‘एवढे स्वस्त कसे?’ या प्रश्नाचे उत्तर

खिडकीवाली (मूळ लेखन)

नमस्कार. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्स येथे असलेले आमचे एका बेडरूमचे घर आम्ही या महिन्यात विकायला काढले आहे. जाहिरातीचे काम दलाल करतोच आहे, त्यामुळे हा धागा त्यासाठी नाही. गेल्या दोन आठवड्यांत तीन मराठी कुटुंबे घर पाहून गेली. तिघांनीही स्वयंपाकघराच्या खिडकीचे कौतुक केले आणि मग आवाज थोडा खाली आणून विचारले, “एवढे स्वस्त कसे?” याचे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी घराविषयी. इमारत १९३६ सालची, सहा मजली, साठ सदनिकांची आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अशा इमारतींना इथे ‘प्रीवॉर’ म्हणतात आणि जाहिरातीत हा शब्द दागिन्यासारखा मिरवला जातो. त्यात तथ्य आहे. छत नऊ फुटांचे आहे, लाकडी फरशीला कडेने गडद लाकडाची दुहेरी पट्टी आहे, आणि दार उघडल्यावर थेट दिवाणखान्यात न जाता तुम्ही एका चौकोनी खोलीत येता, जिला ‘फॉयर’ म्हणतात. आमचे जेवणाचे टेबल तिथेच असते. भिंती जाड प्लास्टरच्या असल्यामुळे शेजारच्यांचे भांडण ऐकू येत नाही, आणि त्याच कारणाने साधा खिळाही सरळ जात नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हातभर उंचीचे एक लोखंडी दार आहे. पूर्वी त्यामागून दोरीवर चालणारा छोटा लिफ्ट जात असे. सामान वर यायचे आणि कचरा खाली जायचा. तो केव्हाच बंद करून मागे भिंत घातली गेली आणि वीतभर खोलीचा कोनाडा उरला. आमचे देव तिथे आहेत.

खिडकी मात्र बागेकडे उघडते, आणि त्या बागेमुळेच हा परिसर घडला. १९०९ साली क्वीन्सबरो पूल खुला झाला तेव्हा इथे शेते होती. एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने ती विकत घेतली, १९१७ साली उन्नत रेल्वे इथवर आली, आणि इमारती रस्त्याच्या कडेला ठेवून चार रस्त्यांमधल्या ठोकळ्याच्या पोटात सामाईक बाग राखण्याची रीत इथे रुजली. अँड्र्यू थॉमस या वास्तुविशारदाच्या ‘शातो’ आणि ‘टॉवर्स’ या १९२०च्या दशकातील इमारती पाहिल्यात तर कल्पना येईल. कंपनीने १९१९-२० पासून भाड्याऐवजी सहकारी पद्धतीने घरे विकायला सुरुवात केली. त्या सहकारात ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना मात्र प्रवेश नव्हता. आज त्याच परिसरात ७४व्या रस्त्यावर आपल्याला कढीपत्ता मिळतो आणि दोन चौक पुढे तिबेटी मोमो मिळतात, ही गोष्ट मला दर शनिवारी भाजी आणताना आठवते.

आमची इमारत बांधली गेली ती भाड्याच्या घरांची म्हणून, आणि १९८०च्या दशकात ती को-ऑप झाली. म्हणजे इमारत आणि जमीन एका कंपनीच्या मालकीची आहे. आमच्या नावावर घर नाही. आमच्याकडे त्या कंपनीचे २८० शेअर आहेत, आणि ते शेअर असेपर्यंत या सदनिकेत राहण्याचा हक्क देणारा मालकी भाडेपट्टा आहे. त्यामुळे मी विकते आहे ते हे २८० शेअर, आणि ते कोणाला विकायचे यावर शेवटची मोहोर माझी नसून इमारतीच्या बोर्डाची, म्हणजे शेअरधारकांच्या कमिटीची आहे. किंमत ३,९५,००० डॉलर ठेवली आहे आणि मेंटेनन्स दर शेअरमागे ३.४० डॉलर, म्हणजे महिन्याला ९५२ डॉलर आहे. याच मापाचे घर को-ऑपऐवजी काँडोमिनियममध्ये (थोडक्यात ‘काँडो’, जिथे सदनिका थेट आपल्या नावावर होते) असते तर किंमत बरीच चढी लागली असती. तो फरक कशाचा, हेच या धाग्यात बोलू या.

एक कबुली आधीच देते. मी स्वतः सहा वर्षे या बोर्डावर होते. बाहेर पडतानाचे नियम घालणाऱ्यांत माझाही हात आहे आणि आता ते मलाच लागू होत आहेत.

१. गिरगावकर

ताई, लेख आवडला, पण हे सारे वाचून मला आमची सोसायटीच आठवली. शेअर सर्टिफिकेट, कमिटी, मेंटेनन्स, ना हरकत पत्र, सगळे तेच आहे. सहकारी गृहनिर्माण आपल्याकडे नवे नाही. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ सालची आहे, म्हणजे तुमच्या जॅक्सन हाइट्सच्या सहकारी योजनेच्याही आधीची. मग अमेरिकेतल्या को-ऑपला एवढे घाबरायचे काय?

२. खिडकीवाली

काका, वंशावळ चांगली काढलीत. न्यूयॉर्कमध्ये पहिले खऱ्या अर्थाने सहकारी घर बांधले ते ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमधील फिनलंडहून आलेल्या कामगारांनी, १९१६ साली. त्यांनी त्याला ‘आल्कू’ म्हणजे ‘आरंभ’ असे नाव दिले होते. म्हणजे सारस्वत मंडळी वर्षभर पुढेच होती.

साम्य पुष्कळ आहे, पण दोन ठिकाणी वाट वेगळी होते. मुंबईत शेअरांची एकूण दर्शनी किंमत पाचशे रुपयांच्या घरात असते आणि घराची खरी किंमत करारनाम्यात असते. तिथे शेअर हा सदस्यत्वाचा पुरावा असतो. इथे शेअर हेच घर असते. बँक कर्ज देते तेव्हा ते स्थावर मालमत्तेवर देत नाही. शेअर आणि भाडेपट्टा तारण ठेवून घेते आणि मूळ शेअर सर्टिफिकेट आपल्या तिजोरीत ठेवते. आमचे सर्टिफिकेट आम्ही कर्ज फिटल्यावर पहिल्यांदा हातात धरले.

दुसरा फरक अधिक जिव्हारी लागणारा आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात कलमे २२ आणि २३ आहेत. पुरेशा कारणाविना सोसायटी सदस्यत्व नाकारू शकत नाही, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाल्याचे मानले जाते. हस्तांतरण शुल्कालाही २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. आमचे बोर्ड न्यूयॉर्क शहरात एखाद्या खरेदीदाराला ‘नाही’ म्हणू शकते आणि कारण सांगायला बांधील नसते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, कुटुंबात मुले असणे अशा कारणांवरून नाकारणे बेकायदा आहे, पण कारणच न सांगितल्यावर ते सिद्ध कोणी आणि कसे करायचे, हा प्रश्न उरतोच. मी सहा वर्षे टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे. आमच्या काळात दोन अर्ज नाकारले गेले आणि दोन्ही वेळा कारण निव्वळ आर्थिक होते. पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्याला कळवू नका असा आमच्या वकिलाचा स्पष्ट सल्ला होता.

३. नवखा

मी आणि पत्नी सध्या भाड्याने राहतो आणि पहिले घर शोधत आहोत. दोन प्रश्न आहेत. एक, ३,९५,००० च्या घरासाठी प्रत्यक्ष किती पैसे आणि किती उत्पन्न लागते? दोन, आम्ही अजून कामाच्या व्हिसावर आहोत, तर अर्ज करण्यात अर्थ आहे का? ताई, तुमचे घर घेण्याचा विचार आहे म्हणून नव्हे (किंवा कदाचित म्हणूनही), पण समजून घ्यायचे आहे.

४. हिशेबनीस

हे माझ्या रोजच्या कामातले आहे, म्हणून उत्तर मी देतो.

बहुतेक को-ऑप किमान २० टक्के रक्कम स्वतःची मागतात, काही २५ किंवा त्याहून जास्त. २० टक्के धरले तर ७९,००० डॉलर तुमचे आणि ३,१६,००० चे कर्ज. समजा व्याजदर ६.५ टक्के आणि मुदत तीस वर्षे असेल, तर हप्ता सुमारे १,९९७ डॉलर येईल. त्यात मेंटेनन्सचे ९५२ मिळवले की महिन्याला २,९४९ डॉलर होतात. घराचा एकूण खर्च ढोबळ उत्पन्नाच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आत असावा, असे बोर्डांचे साधारण धोरण असते. २८ टक्के धरल्यास तुम्हा दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सुमारे १,२६,००० डॉलर असायला हवे. गाडीचे किंवा शिक्षणाचे कर्ज असेल तर तेही यात मोजले जाते.

लोक अडखळतात ते याच्या पुढच्या पायरीवर. व्यवहार पूर्ण झाल्यानंतर तुमच्याकडे किती रोकड उरते हेही बोर्ड पाहते, आणि एक ते दोन वर्षांचा हप्ता अधिक मेंटेनन्स एवढी शिल्लक मागते. दोन वर्षांची मागितली तर सुमारे ७०,८०० डॉलर बाजूला दिसले पाहिजेत. निवृत्तीनिधीतली रक्कम काही बोर्डे धरतात आणि काही धरत नाहीत. थोडक्यात, ७९,००० जमले की घर मिळाले असे नाही. दीड लाखाच्या आसपास पुंजी लागते. स्वस्ताईचे निम्मे रहस्य इथेच आहे, कारण एवढी शिल्लक दाखवू शकणारे खरेदीदार मुळातच कमी असतात.

आता थोडे सुखाचे. काँडो किंवा स्वतंत्र घराच्या कर्जावर न्यूयॉर्कमध्ये गहाणखत नोंदणीचा जो कर बसतो, तो को-ऑपच्या कर्जाला लागू नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने शेअर ही जंगम मालमत्ता आहे. मालकीहक्काचा विमाही सक्तीचा नसतो. शिवाय मेंटेनन्समधला जो भाग इमारतीच्या मालमत्ता करात आणि कर्जाच्या व्याजात जातो, तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वजावटीसाठी दाखवता येतो. किती टक्के ते इमारत दरवर्षी कळवते.

मेंटेनन्स ९५२ म्हणजे जास्त वाटेल, पण त्यात मालमत्ता कर, हिवाळ्यातील उष्णता, गरम पाणी, इमारतीचा विमा, सुपरचा (इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाचा) पगार आणि कंपनीच्या कर्जाचा हप्ता आहे. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. कंपनीवर स्वतःचे कर्ज असते. ताई, तुमच्या इमारतीवर किती आहे?

व्हिसाविषयी सांगायचे तर, नागरिकत्व किंवा स्थलांतराचा दर्जा यावरून घर नाकारणे शहराच्या मानवी हक्क कायद्याने निषिद्ध आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती इथल्या कराच्या विवरणपत्रांची पुरेशी वर्षे नसणे, पतइतिहास छोटा असणे आणि बँकेच्या अटी यांची. दोन पूर्ण वर्षांची विवरणपत्रे हातात असतील तर अर्ज जरूर करा.

५. खिडकीवाली

हिशेबनीस, तुम्ही अचूक ठिकाणी बोट ठेवलेत. इमारतीवर २१,००,००० डॉलरचे कर्ज आहे आणि एकूण शेअर १६,८०० आहेत. दर शेअरमागे १२५ डॉलर पडतात, म्हणजे आमच्या २८० शेअरांवर ३५,००० डॉलरचे कर्ज जाहिरातीत न दिसता बसलेले आहे. ते वेगळे फेडायचे नसते, मेंटेनन्समधून फिटत असते, पण घरांची तुलना करताना किमतीत मिळवून पाहावे. दलालाला हे विचारल्यावर तो गोरामोरा झाला तर वकिलाकडून इमारतीचे दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागवून घ्यावेत. वकिलाने बोर्डाच्या सभांची इतिवृत्तेही वाचायची असतात. छप्पर गळते आहे, बॉयलर म्हातारा झाला आहे, कोणी खटला भरला आहे, हे सगळे तिथे सापडते.

६. जर्सीकर

माझा अनुभव कडू आहे, तरी सांगतो. काही वर्षांपूर्वी क्वीन्समध्येच एका इमारतीत आमचा सौदा ठरला होता. कागदांचा गठ्ठा जवळपास दीडशे पानांचा झाला. दोन वर्षांची कर विवरणपत्रे, सर्व बँक खात्यांचे तीन महिन्यांचे उतारे, नोकरी देणाऱ्या कंपनीचे पत्र, आधीच्या घरमालकाचे पत्र, आणि आम्हाला ओळखणाऱ्या चार जणांची ‘ही माणसे चांगली आहेत’ अशी पत्रे. आईने भारतातून पाठवलेल्या पैशांसाठी वेगळे भेटपत्र द्यावे लागले. बायकोच्या मैत्रिणीने तिच्या पत्रात आमच्या मोदकांचे वर्णन केले होते, ते बोर्डाने वाचले असेल का, याचा मी अजून विचार करतो. मुलाखत वीस मिनिटांची झाली, सगळे हसून बोलले, एका बाईंनी आम्हाला बागेतली बसायची जागाही दाखवली. आठ दिवसांनी व्यवस्थापन कंपनीकडून एका ओळीचे पत्र आले की अर्ज मंजूर झाला नाही.

अनामत परत मिळाली. वकिलाची फी, बँकेचे शुल्क, अर्जाचे शुल्क आणि चार महिने गेले. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला घर घेतले आणि आता हिवाळ्यात बर्फ स्वतः काढतो. पण मला कुणी तरी सांगावे की नेमके काय चुकले. आमचे उत्पन्न पुरेसे होते.

७. खिडकीवाली

जर्सीकर, तुमच्या इमारतीचे मला माहीत नाही, म्हणून अंदाज करते तो आमच्या टेबलावरून. कधीकधी किंमत कमी पडते. सौदा फार खालच्या भावात होत असेल तर शेजारच्या घरांच्या किमतीही पडतील या भीतीने बोर्ड अर्ज नाकारते आणि खरेदीदार मात्र स्वतःत खोट शोधत बसतो. हे मला तेव्हाही पटत नसे. कारण लेखी द्यायला हवे असे मी एकदा सभेत बोलले. वकिलाने डोके हलवले आणि विषय संपला.

मोदकांचे पत्र नक्की वाचले गेले असणार. अशी पत्रे आम्ही फार आवडीने वाचायचो. आकड्यांच्या दीडशे पानांत तेवढेच माणसाचे असते.

८. वास्तुवेडी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे सौंदर्यावर भाळण्याआधी काही विचारते. विजेची जोडणी किती अँपिअरची आहे? बॉयलर तेलाचा की गॅसचा? स्थानिक कायदा ९७ ची तयारी किती झाली आहे? गॅसच्या नळ्या कधी तपासल्या? आणि खिडक्या बदलता येतात का? १९९३ साली शहराने जॅक्सन हाइट्सचा मोठा भाग ऐतिहासिक परिसर म्हणून जाहीर केला आहे, त्यामुळे बाहेरून दिसणारे काहीही बदलायचे तर वारसा संवर्धन आयोगाची परवानगी लागते.

वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देते. सहा मजल्यांहून उंच इमारतींना दर पाच वर्षांनी दर्शनी भिंतींची तपासणी करून घ्यावी लागते आणि तो खर्च प्रचंड असतो. सहा मजली इमारत त्यातून सुटते, हा जॅक्सन हाइट्सचा न सांगितला जाणारा मोठा फायदा आहे. गच्चीच्या कठड्याची तपासणी मात्र २०२४ पासून दरवर्षी करावी लागते. कायदा ९७ हा २०१९ चा आहे. २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर त्याने २०२४ पासून मर्यादा घातली आणि २०३० पासून ती अधिक कडक होणार आहे. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड आहे. साठ घरांची, वाफेने तापवली जाणारी जुनी इमारत यात येणारच, म्हणून २०३० चे नियोजन काय आहे हे विचारल्याशिवाय कोणीही सही करू नये.

९. खिडकीवाली

सगळ्यांची उत्तरे देते, आणि एक गोष्ट जरा सविस्तर सांगते.

बॉयलर गॅसवर चालतो. २०२४ ची मर्यादा आम्ही पाळतो, २०३० ची पाळत नाही. त्यासाठी अभियंत्याचा अहवाल तयार आहे आणि पैसे अजून उभारायचे आहेत. हे मी खरेदीदारांना तोंडी सांगते आहे, कारण ते इतिवृत्तात आहेच. छप्पर आणि कठड्याच्या कामासाठी दर शेअरमागे वीस डॉलरची विशेष वर्गणी बसली होती. आमच्या वाट्याचे ५,६०० डॉलर भरून झाले आहेत. खिडक्या परवानगी घेऊनच बदलल्या. चौकटीच्या काचांचे भाग किती आणि रंग कोणता, हे आयोगाने ठरवले आणि पैसे आम्ही दिले. तक्रार नाही, कारण समोरच्या इमारतीनेही तेच केले आहे आणि तिच्याकडे आम्ही रोज पाहतो.

आता वीज आणि गॅस. काही वर्षांपूर्वी तळघरात गॅसचा वास आला आणि गॅस कंपनीने संपूर्ण इमारतीच्या स्वयंपाकघरांचा पुरवठा बंद करून कुलूप घातले. एकदा कुलूप पडले की नुसती गळती बुजवून चालत नाही. परवानाधारक प्लंबर, शहराची परवानगी, सर्व नळ्यांची दाबचाचणी, नापास झालेल्या नळ्या बदलणे, पुन्हा चाचणी, मग शहराचा निरीक्षक आणि मग पुन्हा गॅस कंपनी, असा तो प्रवास असतो. आमचा प्रवास सात महिने चालला. बोर्डाने प्रत्येक घराला विजेची दोन चुलींची शेगडी दिली.

आमच्या घरात तेव्हा चार जुन्या काचेच्या फ्यूजांवर सगळी वीज चालत होती, आणि आजही तीच जोडणी आहे. शेगडी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फ्यूज उडायचा. होळीला मी पुरणपोळ्या करायला घेतल्या. शेगडीवर तवा तापायलाच वीस मिनिटे लागली, तिसरी पोळी तव्यावर टाकली आणि शेजारच्या खोलीत मुलाने हीटर लावला. घर अंधारात. पोळी उलटायची राहिली आणि पुरण बाहेर येऊन तव्याला चिकटले. त्यानंतर फ्यूजांच्या पेटीच्या दारावर मी चार कागद चिकटवले, कोणता फ्यूज कोणत्या खोलीचा ते मराठीत लिहून, आणि खालच्या खणात सुटे फ्यूज ठेवले. ज्याला हे घर घ्यायचे आहे त्याने वीज वाढवून घेण्याचा खर्च धरावा, आणि तळघरातून वरपर्यंत नवी तार आणायला बोर्डाची लेखी संमती लागेल हेही धरावे.

वाफेच्या उष्णतेबद्दल तक्रार उलट्या दिशेची आहे. नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेले की दिवसा घरात किमान ६८ अंश हवेत, आणि रात्री किमान ६२. आमच्या मजल्यावर जानेवारीत ७८ असते. खिडकी उघडी टाकून झोपतो. रेडिएटर पहाटे पाचला ठोकल्यासारखा वाजतो. पाहुण्यांना तो चोर वाटतो. आम्हाला ऐकू येत नाही.

१०. नवखा

आभारी आहे, आता बरेच समजले. अजून तीन शंका. आईवडील वर्षातून पाच-सहा महिने आमच्याकडे राहतात, ते चालते का? घर पुढे भाड्याने देता येते का? आणि, विचारायला संकोच वाटतो, पण फोडणीच्या वासावरून कधी काही झाले का?

११. खिडकीवाली

तुम्ही घरात राहत असताना जवळचे कुटुंबीय सोबत राहू शकतात, आणि त्याला राज्याच्या कायद्याचाच आधार आहे. सुपरला आणि समोरच्या दारातल्या शेजाऱ्याला ओळख करून द्यावी म्हणजे झाले. माझी सासू बागेत तुळस लावायची परवानगी मागायला बाग समितीकडे स्वतः गेली होती. इंग्रजीचे चार शब्द तिच्याजवळ होते, ते पुरले.

भाड्याचे तसे नाही. आमच्याकडे दोन वर्षे स्वतः राहिल्यावर, बोर्डाच्या परवानगीने, पाच वर्षांत दोनच वर्षे भाड्याने देता येते. गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्यांनी को-ऑपच्या वाटेला जाऊ नये, काँडो पाहावा. स्वस्ताईचे उरलेले निम्मे कारण हे आहे.

फोडणीबद्दल सांगते. जुन्या इमारतीत चुलीवरचा धूर बाहेर टाकणारी नळी भिंत फोडून बसवू देत नाहीत, त्यामुळे आधार खिडकीचाच. नव्याने राहायला आलो त्या वर्षी समोरच्या बाईंनी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती. मी घाबरत उघडली. त्यांना लसणीच्या चटणीची कृती हवी होती. पण प्रत्येक मजल्यावर अशीच बाई भेटेल याची हमी मी देणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला सुक्या मासळीवरून खरेच पत्र आले होते, आणि ते पत्र लिहिणाऱ्या बोर्डात मीही होते. पत्राची भाषा मी मऊ केली, एवढेच.

१२. हिशेबनीस

ताई, विकणाऱ्याच्या बाजूचा हिशेबही लिहा. इथे सगळे खरेदीचेच बोलतात.

१३. खिडकीवाली

लिहिते, हसू नका. पूर्ण किमतीला घर गेले तर शहराचा हस्तांतरण कर १ टक्का, कारण किंमत पाच लाखांच्या आत आहे, म्हणजे ३,९५० डॉलर. राज्याचा ०.४ टक्के, १,५८० डॉलर. दलाली आणि वकील वेगळे. आणि मग ‘फ्लिप टॅक्स’. नाव कराचे असले तरी तो सरकारकडे जात नाही, इमारतीच्या राखीव निधीत जातो. आमच्याकडे तो विक्रीच्या किमतीच्या २ टक्के आहे, म्हणजे ७,९०० डॉलर. तो लावण्याचा ठराव शेअरधारकांच्या सभेत आला तेव्हा मी बोर्डाच्या वतीने भाषण केले होते की जे घर विकून निघून जाणार आहेत त्यांच्याकडून घेतलेल्या पैशांत इथे राहणाऱ्यांचे छप्पर दुरुस्त होईल. टाळ्या पडल्या होत्या. ठराव दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला.

१४. गिरगावकर

ताई, आमच्या सोसायटीत २५,००० रुपयांच्या मर्यादेवर चार सभा गाजल्या आहेत. तुमचे ७,९०० डॉलर ऐकून आमचे सेक्रेटरी अमेरिकेला यायला निघतील.

१५. खिडकीवाली (सहा आठवड्यांनंतर)

ज्यांनी विचारले त्यांच्यासाठी कळवते. नवखा आणि त्यांच्या पत्नी घर पाहून गेल्या, पण त्यांना लिफ्टजवळची खोली नको होती, आणि ते योग्यच केले. घर एका कोलंबियन जोडप्याने घेतले. दोघेही रुग्णालयात परिचारक आहेत. ३,८८,००० ला ठरले. करारावर सह्या झाल्यावर दहा टक्के रक्कम आमच्या वकिलाच्या विश्वस्त खात्यात जमा झाली, बँकेची मंजुरी आली आणि कागदांचा गठ्ठा बोर्डाकडे गेला. मुलाखत मंगळवारी संध्याकाळी तळघरातल्या सभाखोलीत होती. त्या टेबलाशी मी सहा वर्षे बसले होते, आणि त्या संध्याकाळी पाचव्या मजल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून बागेतल्या दिव्याकडे पाहत होते. काय चालले आहे ते विचारायची मला परवानगी नव्हती. शुक्रवारी व्यवस्थापन कंपनीची एका ओळीची ईमेल आली की अर्ज मंजूर झाला आहे.

सामान हलवायला लिफ्ट आठवड्याच्या दिवशी नऊ ते चार एवढ्याच वेळात मिळतो आणि त्यासाठी अनामत भरावी लागते. हा नियमही आमच्याच काळातला.

काल फ्यूजांच्या पेटीवरचे मराठी कागद काढून इंग्रजीत नवे लिहायला बसले. स्वयंपाकघर, दिवाणखाना, झोपायची खोली, हे तिन्ही लगेच झाले. चौथ्या कागदावर ‘फॉयर आणि देवघर’ असे होते. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी देवघराच्या जागी ‘कपाट’ असे लिहिले.